मुरारीचं उत्तर यायचं होतं

मुरारी ढिवर मेला तेव्हा त्याच्याकडे एक उत्तर बाकी होतं.

तसं त्याच्याकडे नेहमीच एखादं बाकी असायचं. सकाळी कोणी विचारलं, "काय गा मुरारी, पानी येईन का आज?" तर तो आभाळाकडे बघायचा, मान डोलवायचा आणि जाळं खांद्यावर टाकून निघून जायचा. दुसऱ्या दिवशी भर पावसात, ओलाचिंब होऊन, त्या माणसाचं दार ठोठावून सांगायचा, "हव. येईन." बहिरा नव्हता, वेडाही नव्हता. प्रश्न त्याच्यात मुरायला वेळ लागत असे, एवढंच. लग्नाआधी सासऱ्यानं विचारलं होतं, पोरगी पसंत हाये का? त्याचं उत्तर त्यानं पहिल्या लेकीच्या बारशाला, पाहुण्यांनी भरलेल्या अंगणात उभं राहून दिलं. "पसंत हाये." तोवर सासरा बिचारा रोज धास्तीतच झोपत होता.

मरायच्या सकाळी मुरारी खाटेवर बसला होता. एक पाय चपलेत, दुसरा अजून जमिनीवर. रेवताबाईनं चुलीपासून विचारलं, "आज काय रांधू?"

मुरारीनं छपराकडे बघितलं.

मग तो बघतच राहिला.

*

नात चंद्रकांता सासरहून, आंधळगावहून आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आजीच्या घरात तिला पहिल्यांदा दिसली ती थंड चूल. सुतकात चूल पेटत नाही हे तिलाही ठाऊक होतं, शेजारची बायाबाई भाकर-चटणी आणून देत होतीच. पण आजीनं चुलीतली राखसुद्धा काढली नव्हती.

"आजी, राख तरी काढू का मी?"

"राहू दे."

"काहून?"

"मी विचारलं हाये त्याले. काय रांधू म्हनून. सांगन ना तो. मंग काढजो."

चंद्रकांतानं आजीच्या तोंडाकडे बघितलं. आजी रडत नव्हती. जेवायला येणाऱ्या माणसाची वाट बघावी तशी ती दाराकडे तोंड करून बसली होती.

*

पीठ

माणूस जिथं मेला तिथं संध्याकाळी तांदळाचं पीठ पसरायचं, बाजूला दिवा ठेवायचा, वरून टोपलं पालथं घालायचं. सकाळी टोपलं उचलायचं. पिठात ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेला. ढिवरटोलीत, मासे धरणाऱ्यांच्या त्या वस्तीत, हे पीठ गोमाजी वाचायचा. त्यानं आजवर कावळे वाचले होते, बैल वाचले होते, आपल्या स्वतःच्या सासूची मुंगी वाचली होती आणि त्या वर्षभर घरात एकही मुंगी मारू दिली नव्हती.

मुरारीचं टोपलं उचललं आणि गोमाजी गुडघ्यावर बसला. पिठात एक ठसा होता. दोन्ही बाजूंना फाकलेला, मध्ये खाच, रेषा न् रेषा उमटलेली.

"मासोळी," गोमाजी म्हणाला.

 ढिवरटोलीतलं माणूस मासोळीच्या जन्माला कधीच गेलं नव्हतं. टोलीतला इतवारी तळ्यावर निघण्याच्या बेतात आला होता, जाळं खांद्यावरच होतं. तो म्हणाला, "नीट पाय ना गा, बाबा. कावळा असन."

"कावळ्याची शेपटी अशी असते? अरे, जिंदगी गेली माही शेपट्या पाहून."

"अन् मी काल मासोळ्या विकल्या अड्याळच्या बाजारात," बायाबाई घाबरून म्हणाली. "त्याच्यात असन तं?"

"काल तो निघालाच नव्हता," गोमाजी म्हणाला. "रातच्याला गेला. आता तो आपल्या तलावात हाये."

इतवारीनं खांद्यावरचं जाळं हळूच खाली ठेवलं. झोपलेलं मूल ठेवतात तसं.

त्या दिवसापासून मासेमारी बंद झाली.

*

पाणी

रेवताबाई मात्र खूश झाली. नवऱ्याचा पत्ता लागला होता. सकाळी उठून ती तळ्याच्या पाळीवर, बांधावर जाऊन बसू लागली. चंद्रकांता छत्री घेऊन तिच्यामागे बसायची आणि ऐकायची.

रेवताबाई : आयकून राहिले का?

पाणी : (एक बुडबुडा.)

रेवताबाई : हा तुमचा का बेंडकाचा?

पाणी : (काही नाही.)

रेवताबाई : बेंडूक असन तं भेऊ नोका. मी हाये इथं.

(मुरारी आयुष्यभर तळ्यात राहिला आणि आयुष्यभर बेडकाला भ्यायला. बेडूक दिसला की डोंग्यात उभा राहायचा.)

रेवताबाई : आज काय रांधू?

पाणी : (दुपार होते.)

रेवताबाई : घाई नाई.

पाणी : (संध्याकाळ होते.)

वैशाख चढत गेला. पाणी रोज थोडं मागं सरकत होतं आणि आजी रोज थोडी पुढे जाऊन बसत होती. तेरवी झाली, पाहुणे गेले. आजी अंघोळीपुरती घरी यायची, बायाबाईनं दिलेली कोरडी भाकर दोन घास खायची, की पुन्हा तळ्यावर. हात काडीसारखे झाले. मागं सरकलेल्या पाण्यात बगळे उतरू लागले तेव्हा तिनं पदरात दगड गोळा केले.

"तुह्या आज्याले खाय, मेल्या!" ती ओरडायची आणि दगड भिरकवायची. बगळा उडायचा, चार हात पलीकडे बसायचा.

एक दिवस दगड संपले. आजीनं चंद्रकांताचा हात धरला. "चंद्री, पानी आटलं तं तो चिखलात मरन व. मी पाह्यत राहू का? एकाच मानसासाठी दोनदा कुकू पुसू का मी?"

चंद्रकांताला सासरी परतायचं होतं. दोन निरोप येऊन गेले होते. पण ह्या प्रश्नावर आजीला टाकून कोणत्या तोंडानं जायचं?

*

टोपलं

घरात धुवायला काही उरलं नव्हतं म्हणून तिनं एके दुपारी ते टोपलं धुवायला घेतलं. आत अजून पीठ चिकटलेलं होतं. काठाजवळच्या विणीत काहीतरी अडकलं होतं. तिनं नखानं ओढलं.

वाळलेली मासोळीची शेपटी. दोन्ही बाजूंना फाकलेली, मध्ये खाच. पिठानं पांढरी झालेली.

 पिठासाठी टोपलं नेहमी मारोतराव पाटलाच्या घरून यायचं, धानाचं, कोरडं, स्वच्छ. ह्या वेळी आणलं नव्हतं. आजीचं आणि पाटलीणबाईचं कोंबडीवरून बोलणं बंद होतं. मग घरचंच टोपलं ठेवलं. आणि ढिवराच्या घरात मासोळीचं नसलेलं टोपलं कुठून येणार? ह्या टोपल्याखाली राजा मेला असता तरी मासोळीच झाला असता.

आता हे सांगितलं की झालं. इतवारी उद्या जाळं टाकेल. बायाबाईची टोपली भरेल. टोलीतली पोरं भाकरीशी नुसतं मीठ खाताहेत, ती रस्सा खातील.

आणि आबाजी, तिचा आजा?

आबाजी मग तळ्यात नसेल. कावळ्यातही नसेल, बैलातही नसेल. कुठंच नसेल. आणि आजी जो विचारते आहे तो प्रश्न हवेत लोंबकळत राहील, म्हातारी असेपर्यंत.

चंद्रकांतानं शेपटी चुलीतल्या थंड राखेत खोल पुरली. हात झटकले आणि इतवारीकडे गेली.

"काका, टोलीची बैठक बोलवा. आबाजीले तलावातून काढाचं हाये. पवनीले नेऊ, वैनगंगेत. तिथं पानी आटत नाई."

इतवारी म्हणाला, "मले मंजूर हाये, पोरी. पर तलावात मासोळ्या का थोड्या हायेत? त्याच्यातला मुरारीबाबा कोनता, हे कोन सांगन?"

*

बैठक

पिंपळाखाली सगळी टोली जमली. रेवताबाईला मध्ये बसवलं.

रोहू? इतवारीनं सुरुवात केली. मोठा मासा, मानाचा.

"रोहू कळपात चालते," गोमाजी म्हणाला. "मुरारी कधी कोनासोबत चालला? त्याची वरात आठवते ना? अर्ध्या रस्त्यात त्याले चुन्याची डबी आठवली. तो मागं फिरला, आम्ही वाजतगाजत पुढं. मांडवात पोचलो तं नवरदेवच नाई! सासऱ्यानं मलेच ओवाळून टाकलं."

"अन् तुम्ही बी गुमान ओवाळून घेतलं," रेवताबाई म्हणाली. पंचेचाळीस वर्षांचा तो राग अजून ताजा होता.

रोहू नामंजूर.

झिंगा, बायाबाईनं हळूच सुचवलं. बुढा शेवटी शेवटी बारीक झाला होता.

"झिंगा?" रेवताबाई ताडकन उठली. "एवढा मोठा मानूस झिंग्यात मावन का व? तुहा दादला होईन झिंगा!"

नामंजूर.

वाम. हातातून निसटते, कोणाला सापडत नाही.

ह्यावर मात्र सगळेच हसले. मुरारी आयुष्यात कशातून निसटला होता? दोन वर्षांमागं शिबिराचा ट्रक टोलीत आला होता, माणसांची नसबंदीची ऑपरेशनं करायला. तरणे सगळे शेतांत पळाले. मुरारी दारात बिडी ओढत बसला होता, साठी उलटलेला. ट्रकवाल्यानं विचारलं, "चलता का, बाबा?" मुरारीनं आभाळाकडे बघितलं. ट्रकवाला थोडा थांबला, मग हात धरून चढवलं. तिसऱ्या दिवशी मुरारी घरी आला, हळूहळू चालत, डोक्यावर बक्षीस मिळालेला जर्मनचा गंज, भलं मोठं पातेलं. ओट्यावर गंज ठेवला, नीट टेकून बसला आणि म्हणाला, "नाई."

"काय नाई?" रेवताबाईनं विचारलं होतं.

"चलत नाई म्हनून सांगाचं होतं त्याले."

टोली पुन्हा पोट धरून हसली. गोमाजीनं डोळे पुसले. चंद्रकांताच्या लक्षात आलं की आबाजी गेल्यापासून ह्या लोकांत आज पहिल्यांदा तो इतका हजर आहे.

मग कोणीतरी म्हणालं, मरळ.

मरळ चिखलात राहते. पाणी आटलं तरी तग धरते. आणि मरळ आपली पिल्लं सोबत घेऊन हिंडते.

कोणी नामंजूर म्हणालं नाही. सगळे चंद्रकांताकडे बघू लागले. तिच्या लहानपणीच आई गेली तेव्हा आबाजीनं तिला कावडीत घातलं होतं. एका पारड्यात मासोळ्या, दुसऱ्यात चंद्री. तोल साधायला हवा म्हणून चंद्री वाढली तशी त्याला मासोळ्याही जास्त धराव्या लागल्या. टोलीत म्हणायचे, पोरगी लक्ष्मी आहे. एकदा अड्याळच्या बाजारात एका माणसानं गमतीनं पारड्याकडे बोट दाखवलं, "ही केवढ्याले देता, बाबा?" मुरारीनं आभाळाकडे बघितलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं सगळा बाजार हिंडून तो माणूस शोधला. माणूस कांदे घेत होता. मुरारी त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ही विकाची नाई."

"मरळ," चंद्रकांता म्हणाली. आपणच पुरलेली शेपटी त्या क्षणी ती साफ विसरली होती. "मरळच."

*

परीक्षा

पण मरळी तरी काय एक होती?

सकाळी जाळं पडलं. पहिली मरळ इतवारीनं दोन्ही हातांत धरून आणली आणि रेवताबाईसमोर ओल्या गवतावर ठेवली. टोली गोल करून उभी राहिली. रेवताबाईनं पदर सारखा केला.

"आज काय रांधू?"

मरळीनं लगेच फाडकन शेपटी आपटली.

"हा नोहे," रेवताबाई म्हणाली. "लगेच बोलला."

दुसरी. "आज काय रांधू?" फाडफाड. "हा बी नोहे. ह्याले तं प्रश्न बी पुरा आयकाचा नाई."

जे मुरारी नव्हते ते बायाबाईच्या टोपलीत गेले. इतवारीच्या ध्यानात आलं की चौकशी चालू आहे तोवर मासेमारीही चालूच आहे, आणि त्याचा उत्साह वाढला. "बाबाले रोहूत बी पायलं पायजे, काकी," तो म्हणाला. "खातरी केलेली बरी." कतला आले, रोहू आले. सगळ्यांना विचारलं गेलं. सगळे उतावीळ निघाले. बायाबाईची टोपली भरली, दुसरी आणली.

ऊन वर आलं. एक काळसर, जुनाट मरळ आली. डोक्यावर जखमेचा व्रण.

"आज काय रांधू?"

मरळ पडून राहिली. कल्ला उघडला, मिटला. एक डोळा आभाळाकडे.

"मेली असन," इतवारी म्हणाला आणि पुढची घेऊन आला. रेवताबाई पुढचीला विचारणार, एवढ्यात मागं गवतात शेपटी हलली. एकदाच. सावकाश.

रेवताबाई वळली. मरळीजवळ वाकली, व्रणावरून बोट फिरवलं.

"गंज आना," ती म्हणाली.

"काय म्हनला व आबाजी?" चंद्रकांतानं विचारलं.

"बोलला. पर मले नीट आयकू नाई आलं. इतवारी मधात बोलला ना!"

*

तिकीट

बक्षिसाच्या गंजात पाणी भरलं, वरून ओलं फडकं बांधलं. आजी, नात आणि गंज पवनीच्या एसटीत चढले. कंडक्टर आला.

"गंजात काय हाये?"

"मासोळी," चंद्रकांता म्हणाली.

"मासोळी टपावर. आत वास येते, पब्लिक बोंबलते."

"मासोळी काहून?" रेवताबाई म्हणाली. "हिचा आजा हाये तो. टपावर बसवू नोका, चक्कर येते त्याले."

कंडक्टरनं फडक्याचं टोक उचलून आत बघितलं. मरळीनं त्याच्याकडे बघितलं. कंडक्टरनं पेन्सिल कानामागून काढली.

"मानूस असन तं तिकीट लागन."

"मंग द्या ना. फुकट कोन म्हनते?"

"कुठं उतरनार?"

"पवनीले."

"त्यायलेच विचारतो," कंडक्टर म्हणाला आणि गंजावर वाकला. "बाबा, कुठं उतरनार?"

गाडी दोन थांबे पुढं गेली. कंडक्टर बाकीची तिकिटं फाडून परत येत होता तेव्हा गंजात शेपटी आपटली आणि फडक्यावर पाणी उडालं. रेवताबाईनं विजयानं कंडक्टरकडे बघितलं. कंडक्टरनं एक तिकीट फाडून गंजाच्या ओल्या काठाला चिकटवलं. शेजारच्या माणसाला म्हणाला, "सरका थोडं. बुजुर्ग हायेत."

माणूस सरकला.

*

घाट

पवनीच्या घाटावर आजी पायऱ्या उतरून पोटऱ्याभर पाण्यात गेली. चंद्रकांतानं गंज तिरपा केला. मरळ नदीत घसरली आणि आजीच्या पायांशी थांबली.

गेली नाही.

"असाच," आजी म्हणाली. "सासरी नेतानी बी असाच उभा होता वेशीवर. चला म्हनलं तं दुपार झाली."

चंद्रकांताला वाटलं, आता आजी विचारेल. आजीनं काहीच विचारलं नाही. ती नुसती उभी राहिली, लुगड्याचा काठ भिजू देत. धोब्यांचे कपडे वाळून झाले. एक डोंगा पलीकडे जाऊन आला. चंद्रकांता पायरीवर बसून त्या दोघांकडे बघत होती आणि तिला राखेतली शेपटी आठवत होती, आणि ती आठवूनही पाण्यात आबाजीच दिसत होता. ह्याला काय करावं तिला कळेना.

मग मरळीनं तोंड वळवलं आणि ती खोल पाण्यात गेली. आजीनं हात जोडले नाहीत, डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "जपून जा. बेंडकं हायेत."

परतीच्या गाडीत तोच कंडक्टर होता. त्यानं रिकाम्या गंजाकडे बघितलं.

"बाबा?"

"उतरले," चंद्रकांता म्हणाली.

त्यांचं गाव, आसगाव, जवळ आलं. खिडकीतून आटत चाललेलं तळं दिसू लागलं.  आजी एकदम म्हणाली, "हव."

"काय व आजी?"

"समजलं. सकाळी बोलला ते आता समजलं. मासोळी म्हने. मासोळीच रांध म्हने, कैरी टाकून."

*

चूल

राख आजीनंच काढली. चंद्रकांता श्वास धरून बघत होती. राखेबरोबर शेपटीही सुपात आली, पांढरी, काळी, मोडलेली. आजीनं ती पाहिली की नाही कोण जाणे. सूप उचललं, उकिरड्यावर झटकलं आणि आत येऊन चूल पेटवली.

बायाबाईनं परीक्षेत नापास झालेली एक मरळ आणून दिली होती. आजीनं ती बक्षिसाच्याच गंजात रांधली. कैरी टाकली. सगळ्या टोलीत त्या संध्याकाळी तोच वास होता. आजीनं दोन ताटं वाढली आणि मुंडकं आपल्या ताटात घेतलं. ते इतकी वर्षं आबाजीचं असायचं.

चंद्रकांताचा हात घासावर थांबला. "आजी, हा बी कोनी असन तं?"

"असन ना," आजी काटा काढत म्हणाली. "कोनाचा तरी आजा असनच. आपला नोहे. खाय."

दोघींनी पोटभर खाल्लं. आजीनं तर भात दोनदा घेतला. चंद्रकांतानं दुसऱ्या दिवशीच्या आंधळगावच्या गाडीसाठी पिशवी भरून ठेवली.

आजी हात धुवायला अंगणात गेली. हात धुऊन झाल्यावर ती पवनीच्या दिशेला तोंड करून उभी राहिली आणि मोठ्यानं विचारलं, "उद्या काय रांधू?"

मग आत येऊन नातीला म्हणाली, "आजच विचारून ठेवलेलं बरं. आता दूर राह्यते तो."